तिसऱ्या हाकेला ओ

ही घटना खरी आहे. ती कुणाला पटवून द्यायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही. खोटं वाटलं तर खुशाल पुढे सरका.

या पेजवर सगळे रात्रीचं लिहितात. अमावस्या होती, बारा वाजले होते, कुत्री रडत होती. माझ्या गोष्टीत रात्र नाही. गेल्या वर्षीचा मार्च महिना, मंगळवार, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. जागा कल्याणच्या एका हॉस्पिटलची कॅथलॅब. मांडीतून नळी घालून हृदयाच्या नाहीतर मानेच्या रक्तवाहिन्या जिथे उघडतात ती खोली. पांढरे दिवे, थंडगार एसी आणि इतकी यंत्रं की भुताला उभं राहायला जागा नाही.

मी तिथे सिस्टर आहे. नाव रविना. मुरबाडला खोली घेऊन राहते आणि एसटीने ये-जा करते. हे सगळं एसटीतच मोबाइलवर लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

आधी घरचं सांगते.

आमचं गाव टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला लागून. माझे बाबा, धाकलू, बारा वर्षांपूर्वी गेले. दिवाळीनंतर गवत कापणीचे दिवस होते. वरच्या माळावर एकटेच कापत होते. संध्याकाळी परत आले नाहीत म्हणून त्यांचे मोठे भाऊ, महिपत काका, बघायला गेले.

बाबा गवताच्या भाऱ्याशेजारी पडले होते. तोंड वाकडं. उजवा हात लुळा.

जिवंत होते. काकांकडे टक लावून बघत होते. पण तोंडातून शब्द निघत नव्हता. जीपमध्ये घालून मुरबाडला नेलं, मीही सोबत होते, पण पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर आई माझ्या भावाकडे शहापूरला राहायला गेली. मी काका-काकींकडेच राहिले. त्यांना मूलबाळ नव्हतं. नर्सिंगला काकांनीच घातलं. मी बाप गेलेली पोर आहे हे त्या घराने मला कधी जाणवू दिलं नाही.

आता आमच्याकडची एक सवय सांगते, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबतं.

आमच्या गावात पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतोच. बाहेरचं जे असतं ते एकदाच मारतं, आणि ओ दिली की ते आपल्याला घेऊन जातं. म्हणून रानात, शेतावर, भर दुपारी कुणी हाक मारली तर गप्प राहायचं आणि मोजायचं. मलाही लहानपणापासून हेच शिकवलेलं. हॉस्पिटलमध्ये लागल्यावर ही सवय मोडायला मला दोन वर्षं लागली. मेट्रन म्हणायची, ही मुलगी बहिरी आहे का?

गेल्या वर्षी फेब्रुवारीत काकांच्या हातातून कोयता पडला. उजवा हात दहा मिनिटं मेल्यासारखा झाला आणि आपोआप ठीकही झाला. आठ दिवसांनी डाव्या डोळ्यासमोर अंधारी. मला फोनवर काकीने सांगितलं. त्यांना कल्याणला आणून मानेची सोनोग्राफी केली. मेंदूला रक्त नेणारी डावीकडची नस नव्वद टक्के बंद.

आमच्या डॉक्टरांना आम्ही सर म्हणतो. सरांनी काकांना नीट समजावलं. नस अरुंद झालीय, तिथे जाळीची नळी बसवू. बसवताना आतला गाळ सुटू शकतो, रक्ताची गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली तर बोलणं जाईल, हात जाईल, जीवही जाऊ शकतो. म्हणून नळीच्या पुढे आधी छोटी छत्री उघडतो. गुठळी सुटलीच तर छत्रीत अडकते.

काका म्हणाले, "आनि नाय केलं तर?"

"तर एक दिवस मोठा झटका येईल."

काका तयार नव्हते. मी हट्ट धरला. बाबांना जे झालं ते मला पुन्हा बघायचं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी वॉर्डात सहीचे कागद झाले. काकी चहा आणायला खाली गेली होती. काका खिडकीकडे तोंड करून म्हणाले,

"रवू, तुला येक सांगाचा हाय."

रवू मला फक्त घरचेच म्हणतात.

"तुजा बाप पडला ना, तवा मी खालच्या शेतावच व्हतो. माळशेजची गाडी नुकती गेलती. आनि त्यानं हाक मारली. दादा... आशी. येकच."



"भर दुपारची येकटी हाक. मी गप रायलो. म्हटलं दुसरी येल, तिसरी येल. नाय आली. मी गवत बांधीत रायलो गो. पार सांज होईस्तोवर."

मला तेव्हाच समजलं. बाबांना दुसरी हाक मारताच आली नसणार. पहिल्या हाकेनंतर त्यांची वाचाच गेली होती. बारा वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन मला डबा करून देत होता, मुरबाडच्या गाडीत बसवून देत होता. मला राग यायला हवा होता. आला नाही. फक्त खूप थकल्यासारखं झालं.

"आता रोज मारतो," काका म्हणाले. "हात लुळा पडला त्या दिसापासून. दुपारची गाडी गेली का... येकदाच."

मी नर्स आहे. नस बंद झाली की मेंदू काय काय ऐकवतो हे मला माहीत आहे. मी त्यांना तसंच सांगितलं आणि पांघरूण घातलं.

मंगळवारी दुपारी अडीचला त्यांना टेबलावर घेतलं.

या कामात पेशंटला झोपवत नाहीत. जागं ठेवतात, म्हणजे मेंदूला काही झालं तर लगेच कळतं. डावीकडची नस असली की उजवा हात आणि बोलणं, दोन्हींवर नजर ठेवायची. आमच्या सरांची पद्धत अशी की पेशंटच्या हातात एक रबरी बदक देतात. सांगितलं की दाबायचं. चूं वाजलं की मेंदू ठीक.

काकांनी ते बदक बघितलं. "ह्ये काय गो, पोराचं खेळनं?"

"दाबा सांगितलं की दाबायचं, काका."

त्यांनी दाबलं. चूं. काचेपलीकडे कॉम्प्युटरवर बसलेला टेक्निशियन साईनाथ माइकवर हसला. आमच्या खोलीत एक माइक आहे. आत बोललेलं सगळं त्याला पलीकडे ऐकू जातं.

सरांनी मांडीतून नळी वर नेली. मी रक्त पातळ करायचं औषध दिलं, रक्त गोठायला किती वेळ लागतोय ते मशीनवर बघितलं. ठीक होतं. छत्री उघडली.

सर म्हणाले, "महिपतराव, हात दाबा."

काही नाही.

"महिपतराव?"

काही नाही. सरांचा हात जागीच थांबला. मॉनिटरची टिकटिक तेवढी चालू. मी वाकून हाक मारली, "काका..."

"ओ," काका म्हणाले. आणि बदक वाजलं. चूं.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी सरांना सांगितलं, "सर, आमच्याकडे पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. तिसऱ्या हाकेला देतात." सर मास्कच्या आतून हसले. "बरं बाबा. मग तीन हाका मारत जाऊ."

हे मी सांगितलं. माझ्याच तोंडाने सांगितलं. पुढे कितीही वेळा आठवलं तरी ते तिथेच येतं.

जाळीची नळी बसली. फुगा फुगवून ती नसेला चिकटवली. नाडी थोडी खाली आली, मी इंजेक्शन दिलं, परत वर आली. सगळं नेहमीसारखं चाललं होतं.

सर म्हणाले, "महिपतराव, दाबा."

शांत.

मी म्हणाले, "थांबा सर, देतील."

"महिपतराव..."

शांत. बदक हातात तसंच.

मी तिसरी हाक मारायला तोंड उघडलं.

आणि मी मारायच्या आधीच...

"ओ," काका म्हणाले. मोठ्याने. छताकडे बघत. "आलू रे. थांब, आलू."

मी घड्याळ बघितलं, कारण वेळ लिहायची असते. तीन वीस.

मी सरांना म्हणाले, "ठीक आहेत सर, बोलतायत."

सर पुढच्या कामाला लागले. फोटो कोणत्या कोनातून घ्यायचा ते साईनाथला सांगू लागले. मी औषधांच्या वेळा लिहीत बसले. काकांनी ओ दिली होती, म्हणून मी निर्धास्त होते.

चार मिनिटं गेली.

मग मला काहीतरी कमी आहे असं वाटलं. एसीचा आवाज होता. मॉनिटरचा होता.

बदक वाजलंच नव्हतं.

ओ आली होती. चूं आलं नव्हतं.

मी काकांच्या तोंडाकडे बघितलं. ओठाचा उजवा कोपरा खाली लोंबत होता. तेच तोंड. बारा वर्षांपूर्वी जीपमध्ये बघितलेलं.

"काका. काका. काका."

तीन हाका मारल्या. काही नाही. बदक बोटांतून निसटलं आणि खाली पडलं. पडतानाही वाजलं नाही.

फोटो आला तेव्हा छत्रीच्या पुढे रक्त जातच नव्हतं. छत्री गुठळ्यांनी भरून गेली होती. एक तुकडा निसटून वर, मेंदूच्या नसेत जाऊन बसला होता.

सरांचा आवाज चढला नाही. त्यांचा कधीच चढत नाही. त्यांनी एकेक सांगितलं, मी एकेक दिलं. रक्त पातळ करायचं आणखी औषध. मग गुठळी वाढू न देणारं जोरदार औषध, थेट नळीतून. छत्रीजवळ पातळ नळी नेऊन सिरिंजने ओढलं. रक्तच आलं. परत ओढलं. तिसऱ्यांदा गाळणीच्या कापडावर तांदळाच्या दाण्याएवढी काळपट गुठळी आली. छत्री बाहेर काढली. मग वर जाऊन मेंदूतला तुकडा ओढायला अजून चाळीस मिनिटं. शेवटच्या फोटोत सगळ्या नसा भरलेल्या दिसल्या, हिवाळ्यात पानं झडलेल्या झाडासारख्या, एकेक फांदी सुटी. सर स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आलं रक्त."

काका वाचले. बोलणं गेलं. उजवा हात गेला.

सर बाहेर येऊन काकीशी बोलले. शंभरात दोघा-तिघांना असं होतं म्हणाले. मला कुणीही काही म्हटलं नाही. पण त्या चार मिनिटांत मेंदूचं काय होतं, हे मी नवीन मुलींना शिकवते. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

हात धुताना साईनाथ शेजारी आला. तो बदलापूरचा, आमच्या घरातलं कुणी त्याला माहीत नाही.

"रविना, मघाशी आत कोण ओरडलं गं?"

"कधी?"

"ते काका 'आलू आलू' म्हणाले ना, त्याच्या जरा आधी. माइकवर आलं. पुरुषाचा आवाज होता, लांबून आल्यासारखा. दादा... असं. एकदाच."

मी नळ बंद केला. आत त्या वेळी सर आणि काका, दोनच पुरुष होते.

मे महिन्यात काका घरी आले. काठी घेऊन चालायचे. रक्त पातळ करायच्या गोळ्या काकी भाताबरोबर द्यायची. बोलण्यातला एकच शब्द उरला होता.

ओ.

भूक लागली तरी ओ. नको असलं तरी ओ. असं होतं, एखादा शब्द शिल्लक राहतो. डॉक्टरही हेच सांगतात. पण काकांची आणखी एक ओ होती. रोज दुपारी माळशेजची गाडी रस्त्याने गेली की ते ओट्यावर माळाकडे तोंड करून बसायचे. थोडा वेळ काहीच नाही. मग एकदा, स्पष्ट, शेतावरच्या माणसाला देतात तशी...

"ओ."

काकीला विचारलं तर म्हणाली, "रोज देतो. देऊ दे गो. बारा वर्सांची रायलेली हाय."

तिला सगळं माहीत होतं तर. कधीपासून ते मी विचारलं नाही.

नोव्हेंबरात मी रविवारची गेले होते. गवत कापणी चालू होती. मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले. काका माझ्या डाव्या अंगाला. काकी मागे गोठ्यात. दुपारची गाडी गेली, घाटाकडचा आवाज विरला. माळावर गवत कापणाऱ्यांची बडबड चालली होती. तीही थांबली. खालच्या गिरणीची फटफट थांबली.

सुपातल्या तांदळावर माझी बोटं फिरत होती तेवढाच आवाज.

आणि वरून, माळाकडून...

"रवू..."

अगदी ओळखीचा आवाज. बारा वर्षं झाली तरी मुलीला विसर पडत नाही. शाळेतून यायला उशीर झाला की ते असेच हाक मारायचे.

मी सगळं विसरले. मोजायचं विसरले. मला रडूच फुटलं आणि मी ओ द्यायला तोंड उघडलं.

तोंडावर हात आला.

घट्ट. दात ओठांत रुतले इतका घट्ट. काका माझ्याकडे बघत नव्हते. माळाकडे बघत होते. मला दाबून धरून त्यांनीच उत्तर दिलं.

"ओ."

मग हात सुटला आणि त्यांच्या मांडीवर पडला, पोतं पडावं तसा. मी ओठ पुसला. थोडं रक्त होतं.

काका माझ्या डाव्या अंगाला बसले होते. माझ्या बाजूला त्यांचा उजवा हात होता. मार्चपासून न हललेला. कॅथलॅबमध्ये मी तीन हाका मारूनही जो दाबला गेला नव्हता, तोच. मी तो उचलून बघितला. थंड, सैल, बोटं वळतही नव्हती. मी म्हणाले, "काका, दाबा." नाही दाबला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

गिरणी पुन्हा सुरू झाली.

नवव्या दिवशी काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. त्या दिवशी गाडी गेली तेव्हा ओ आली नाही, म्हणून काकी बघायला आली.

तेराव्याला मी घरीच होते. पाहुणे गेले होते. आई शहापूरच्या गाडीने गेली होती. मी ओट्यावर एकटीच, काकांच्या जागेवर. तीन वीस झाले. माळशेजची गाडी गेली.

"रवू..."

बाबांचा आवाज नव्हता.

काकांचा होता. मार्चपासून ज्यांना माझं नाव घेता आलं नव्हतं, त्यांनी ते स्वच्छ घेतलं. एकदाच.

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसले. दुसरी हाक यावी म्हणून वाट बघितली. काळोख पडेपर्यंत बघितली. नाही आली.

माझ्या मानेची सोनोग्राफी मी करून घेतली आहे. नसा साफ आहेत. सर म्हणाले, तू दमली आहेस, रजा घे. हो, दमले आहे. पण बदक आता मी स्वतः हातात धरून बसते. पहिल्याच हाकेला वाजलं नाही तर मी कुणालाही थांबू देत नाही. आमच्या गावचा पेशंट असला तरी नाही.

मात्र घरची हाक वेगळी आहे. बाबा पडले तेव्हा काका थांबले. काका पडले तेव्हा मी थांबले. आता काका कुठेतरी पडलेले असतील आणि त्यांना एकच हाक मारता येत असेल तर? आणि मी ओ दिली तर? काकांनी टेबलावर दिली होती, त्याचं काय झालं तेही मी बघितलंय. त्या दिवशी माझं तोंड दाबायला काका होते. आता कोण आहे?

काल काकीचा फोन आला होता. म्हणाली, "या रविवारची ये गो. दुपारचा लय सुना वाटतं."

मी हो म्हणाले.

मग मेट्रनकडे जाऊन रविवारची ड्युटी मागून घेतली.